ओलं फडकं

गेल्या महिन्यात भाच्यानं इंग्लंडमधल्या स्विंडनहून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. काळापांढरा, जुना, तीनेक मिनिटांचा. स्वित्झर्लंडमधल्या कुठल्याशा तळ्याकाठी बायका झाडांवरून स्पॅगेटी तोडताहेत, परड्यांत भरताहेत, उन्हात वाळत घालताहेत. मी हसण्याची दोन तोंडं पाठवून मोकळा झालो. संध्याकाळी पाहतो तर आई सोप्यावर बसून, फोन पार नाकाशी धरून, तेच पुन्हा पुन्हा लावतेय. वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, इंग्रजी येत नाही. म्हटलं, बिचारीला खरं वाटलं असणार. समजावायला शेजारी बसलो. हे बीबीसीनं एक एप्रिलला लोकांची गंमत करायला केलं होतं, वगैरे सांगू लागलो. तिनं मला मध्येच थांबवलं. "शिरवळ्यो त्यो. झाडार आसल्यार सुकून मोडटल्यो. ओल्या फडक्यांत गुठलावन हाडल्यात." म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्यात. एवढं बोलून तिनं फोन कानाला लावला, त्या निवेदकाचा संथ, भारदस्त आवाज जरा वेळ ऐकला आणि म्हणाली, "पूण हो सांगपी मनीस फटोवपी दिसना."

फसवणारा वाटत नाही.

मग फोन माझ्या हातात देता देता, अगदी कौतुकानं: "टीव्हीर तुजोय आवाज असोच आशिल्लो." मी कुत्र्याला भाकरी घालायची राहिलीय असं सांगून उठलो. कुत्र्याला भाकरी दुपारीच घातली होती.

शिरवळ्या ज्यांनी केल्या नाहीत त्यांना आईच्या शेऱ्याची किंमत कळायची नाही. तांदळाचं पीठ कढत पाण्यात मळायचं, गोळे उकडायचे आणि वाफ निघत असतानाच लाकडी साच्यात भरून दाबायचे. दाबायला, आईच्या कोंकणीत 'दामपाक', दांडगा माणूस लागतो. आमच्याकडे ते काम आधी वडिलांकडे होतं, मग माझ्याकडे आलं. गोळा निवला की साचा हलत नाही, कितीही जोर लावा. म्हणून पाळी येईपर्यंत उरलेले गोळे ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचे. खाली पडणाऱ्या शेवया पानावर गोल गोल झेलायच्या, त्यांच्यावर गूळ घातलेला नारळाचा रस. त्या फडक्यावर आईचा सगळा वेळ डोळा असतो. फार ओलं झालं तर गोळा चिकट, कोरडं राहिलं तर वर खपली धरते. सत्तर वर्षं हे फडकं सांभाळणाऱ्या बाईला, झाडावरून लोंबणारी ओली शेवई कुठून आली असेल हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि तिचं म्हणणं अक्षरशः बरोबर निघालं. त्या रात्री मी शोधून वाचलं. 'पॅनोरमा' हा बीबीसीचा कार्यक्रम, १९५३च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेला आणि आजही चालू असलेला. चालू घडामोडींचा इतका जुना कार्यक्रम जगातल्या कुठल्याच टीव्हीवर नाही म्हणतात. स्पॅगेटीची ती फिल्म १ एप्रिल १९५७ची. चार्ल्स डी येगर नावाचा कॅमेरामन होता, मूळचा व्हिएन्नाचा. तिथल्या शाळेत त्याचे मास्तर पोरांना म्हणायचे, तुम्ही इतके मठ्ठ आहात की स्पॅगेटी झाडाला लागते म्हटलं तरी मान डोलवाल. ते वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं. शंभर पौंड खर्च मंजूर झाला, लुगानो तळ्याकाठी युनिट गेलं. घरी केलेली ताजी स्पॅगेटी फांद्यांवर टाकली तर ती वाळून लोंबेनाशी झाली. उकडून टाकली तर निसटून खाली. शेवटी ती ओल्या फडक्यांत ठेवली, तेव्हा कुठे झाड लगडलं. हे वाचून मी अंथरुणात उठून बसलो. आईला उठवून सांगावंसं वाटलं, पण तिची झोप आधीच पातळ.

त्या रात्री ऐंशी लाखांच्या आसपास ब्रिटिश लोकांनी ते पाहिलं. स्पॅगेटी तेव्हा तिथे फारशी कुणी खात नसे, खाल्लीच तर डब्यातली. दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. काहींना राग आलेला, काहींना रोप कुठे मिळेल ते हवं होतं. डब्यातल्या टोमॅटो सॉसमध्ये एक काडी खोचा आणि वाट पाहा, असं उत्तर त्यांना मिळे म्हणतात. मला त्या फोन करणाऱ्यांचं हसू येत नाही. त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवलाच नव्हता, तो ठेवला होता रिचर्ड डिंबलबीवर. निवेदन त्याचं होतं: यंदा हिवाळा सौम्य गेला, स्पॅगेटीला लागणारी कीड गेली, सगळे धागे एकाच लांबीचे येतात ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेहनतीमुळे. हे सगळं त्यानं ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजानं चार वर्षांपूर्वी राणीचा राज्याभिषेक घराघरांत नेला होता.

आणि त्याच्याही आधी, एप्रिल १९४५मध्ये, नाझींच्या बेल्सन छळछावणीत शिरलेला हाच आवाज होता. तिथे पाहिलेलं त्यानं सांगितलं तेव्हा लंडनच्या कचेरीतल्या लोकांचा विश्वास बसेना. ते प्रसारित करायला त्यांनी टाळाटाळ केली आणि त्याला हट्ट धरून भांडावं लागलं. प्रेतांच्या राशी स्वतः पाहून आलेल्या माणसाला त्याचीच माणसं म्हणतात, थांब, आधी खात्री करू. बारा वर्षांनी तोच माणूस शेवयांचं झाड दाखवतो आणि देश रोप मागतो. तो १९६५ साली गेला, बावन्नाव्या वर्षी. या दोन प्रसंगांचं त्याला स्वतःला कधी एकत्र काही वाटलं असेल का, हे मी उगाच बराच वेळ घोळवत राहिलो.

१९५७ साली आई सोळा वर्षांची होती, पोर्तुगीज गोव्यात. घरात टीव्ही सोडा, वीजही नव्हती. पण तिच्या मामाच्या घरी बॅटरीवरचा रेडिओ होता आणि त्यात दोन गोवे होते. एक 'एमिसोरा द गोवा'वरचा, जिथे सगळं आलबेल असायचं. दुसरा रानातला. २५ नोव्हेंबर १९५५पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघं सरहद्दीपलीकडच्या जंगलातून गुप्त केंद्र चालवत होती. कोंकणीत 'गोंयच्या सोडवणेचो आवाज', पोर्तुगीजमध्ये 'व्होज द लिबेरदाद'. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, त्यामुळे बाहेर काय चाललंय ते या दोन आवाजांच्या मधून गाळून घ्यावं लागे. मामा दारं लावून घेई, रेडिओवर गोधडी टाकी आणि आईला दाराशी बसवी. तिला अर्धंच ऐकू यायचं. पण ती म्हणते, रानातल्या आवाजात खरखर होती, म्हणून तो खरा वाटायचा. १९६१च्या डिसेंबरात तीच दोघं विमानातून, भोंग्यावरून गोवा मुक्त झाल्याचं सांगत फिरली, तेव्हा आईनं तो आवाज म्हणे लगेच ओळखला. विमानाच्या घरघरीत कुणी आवाज ओळखू शकतं का, असं मी एकदा विचारलं होतं. ती चिडली होती.

आमच्या घरात बोलणं कोंकणी, वाचणं मराठी. भांडण कोंकणीत, पत्र मराठीत. देवाची आरती मराठीत आणि देवावरचा राग कोंकणीत. सत्तरी-डिचोलीकडच्या बऱ्याच घरांत अजून असंच आहे. यातून बातम्यांच्या बाबतीत एक गंमत होते: मराठीत सांगितलेलं आपोआप अधिकृत वाटतं. सकाळच्या पेपरचा, शाळेच्या पुस्तकाचा, कीर्तनकाराचा तो सूर. म्हणून केबल चॅनलवर मला मराठी बातमीपत्र मिळालं तेव्हा मी मुद्दाम तोच सूर लावला. चॅनलचं नाव सांगत नाही, आता ते नाहीही. दोन खोल्या, एक जुना कॅमेरा, आणि म्हापशाहून पणजीला, पणजीहून डिचोलीला कॅसेट घेऊन धावणारा एक पोरगा. रात्री आठला बातम्या. गल्लीतली माणसं मला वाटेत थांबवून, कालचं ते खरं का हो, असं कधीच विचारत नसत. खरंच असणार हे त्यांनी धरलेलं असे. ते मला आवडायचं. नाकारून काय करू?

२००६चा एप्रिल संपत आला होता. खाणींचा तो भर होता. चीनला खनिज जात होतं आणि डिचोली तालुक्यातल्या अरुंद रस्त्यांवर ट्रकांची शेपटी तुटत नव्हती. एका गावातून निरोप आला की धुळीनं जगणं नकोसं झालंय, या आणि दाखवा. मी आणि कॅमेरामन पहाटे निघालो. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता, साखळी गाव ओलांडताना रस्त्यावर वाफ होती. गावात पोचलो तर सगळं न्हालेलं. केळीची पानं अशी हिरवी की बाजारात मांडावीत. तुळस धुतलेली, कौलं लालभडक. ट्रक होते, पण चाकांखाली चिखल. कॅमेरामननं कॅमेरा खांद्यावरून उतरवला आणि नुसता माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी यायला गाडी मिळणार नव्हती.

त्या घरातली बाई दाराशी उभी राहून आमचं ऐकत होती. चाळिशीची असेल, पदरानं तोंड पुसायची सवय. "धूळ जाय?" म्हणजे धूळ हवी का, तिनं विचारलं. "रावात, हाडटां." ती आत गेली आणि करवंटीभर धूळ घेऊन आली. रोज सकाळी ती घर झाडते, मग ते कोपऱ्यात साठतं, असं तिचं म्हणणं. पिठासारखी बारीक, लाल, बोटाला रेशमासारखी लागणारी. आत जाऊन पाहिलं तर खिडकीच्या चौकटीत, देवांच्या फोटोमागे, तांदळाच्या डब्याच्या झाकणावर तीच. म्हणजे धूळ खरी होती. तिचीच होती, तिच्या घरातली, तिच्या नाकातली. आम्ही आतलं चित्रण करायला हवं होतं. पण आत उजेड नव्हता, लाईट आणलेला नव्हता, आणि केळीच्या पानावरची लाल धूळ कशी दिसेल ते माझ्या डोळ्यांपुढे आधीच उभं होतं. तिनं करवंटीतून चिमटी चिमटी घेऊन पानांवर भुरभुरली. हळदकुंकू वाहावं तशी. मी पानापाशी उभा राहिलो, एक बोट धुळीतून ओढलं, हिरवी रेघ उमटली, आणि कॅमेऱ्याकडे पाहून म्हणालो: "ही एका रात्रीत साचलेली धूळ."

एका रात्रीत.

ती बातमी गाजली. दोन पेपरांनी उचलली. नंतर आठ-दहा दिवस त्या रस्त्यावर पाणी मारायला टँकर येत होता, मग यायचा थांबला. २०१२च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणांत गवत खात उभे राहिले, आणि ज्यांनी कर्ज काढून ते घेतले होते त्यांची वेगळीच धूळ उडाली. तो निराळा लेख होईल. मला कुणी, कधी, काही विचारलं नाही. कॅमेरामन पुढे लग्नाच्या शूटिंगमध्ये गेला आणि माझ्यापेक्षा सुखात आहे. मी २००९ला भाषांतरांकडे वळलो. त्या एका वाक्यामुळे सोडलं असं म्हटलं तर ऐकायला छान वाटेल. खरं कारण पगार तीन-तीन महिने थकायचा, हे आहे.

पण 'पॅनोरमा'चं वाचत गेलो तसं ते वाक्य वर आलं. २० नोव्हेंबर १९९५ला मार्टिन बशीरनं डायनाची मुलाखत घेतली, दोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिली. तिच्यापर्यंत पोचण्यासाठी त्यानं तिच्या भावाला बँकेची खोटी स्टेटमेंटं दाखवली होती. ती बनवून दिली होती मॅट वीसलर नावाच्या ग्राफिक डिझायनरनं, एका रात्रीत, कशासाठी ते नीट न कळता. शंका आल्यावर वीसलरनं स्वतःच वरिष्ठांना सांगितलं. १९९६मध्ये आतल्या आत चौकशी झाली; बशीर प्रामाणिक ठरला आणि वीसलरला बीबीसीचं काम मिळणं बंद झालं. निवृत्त न्यायाधीश लॉर्ड डायसन यांच्या अहवालानं २०२१ साली हे उलटं केलं, तोवर पंचवीस वर्षं गेली होती. यात मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच: डायनानं नंतर लिहून दिलेल्या चिठ्ठीत म्हटलं होतं की ते कागद तिनं पाहिलेच नव्हते आणि मुलाखतीबद्दल तिला खेद नाही. म्हणजे कदाचित ती तशीही बोलली असती. आत खिडकीत धूळ तशीही होती.

भाच्याला मी हे लिहिलं, धुळीचं सोडून. तो तिथे वृद्धाश्रमात कामाला आहे, रात्रपाळी करतो. त्यानं लिहिलं, मामा, आम्हांला कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात 'पॅनोरमा'च दाखवतात. म्हणजे २०११चा विंटरबॉर्न व्ह्यूचा भाग. ब्रिस्टलजवळच्या त्या खासगी रुग्णालयात ज्यो केसी नावाचा वार्ताहर मदतनीस म्हणून नोकरीला लागला, कपड्यांत कॅमेरा लपवून, आणि बुद्धीनं अधू असलेल्या माणसांना तिथले कर्मचारी कसे मारतात, त्यांचा कसा छळ करतात ते त्यानं टिपलं. अकरा जणांना शिक्षा झाली, त्यातले सहा तुरुंगात गेले. भाचा लिहितो, पाहताना त्याला त्या वार्ताहराचाच राग आला होता: शेजारी मार चाललाय आणि हा उभा राहून चित्रण करतोय. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा राग गेला. त्यानं हात धरला असता तर त्याच दिवशी घरी पाठवला असता, आणि आत सगळं तसंच. तोही खोटं बोलूनच आत शिरला होता ना, मी लिहिलं. भाच्याचं उत्तर आलं नाही, बहुधा पाळी सुरू झाली असावी. ती खोटी ओळख मला तिथे जराही खुपत नाही. मग पानावरची खरी धूळ का खुपते? त्यानं कॅमेऱ्यापुढे काही भुरभुरलं नव्हतं, एवढंच उत्तर मला सुचतं, आणि तेही रात्री दोनला जेवढं पटतं तेवढं सकाळी पटत नाही.

अगदी परवाची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रम्पच्या एकाच भाषणातले, मध्ये पन्नासहून जास्त मिनिटांचं अंतर असलेले दोन तुकडे 'पॅनोरमा'नं सलग जोडले आणि नोव्हेंबर २०२५मध्ये बीबीसीच्या महासंचालकांना आणि वृत्तप्रमुखांना जावं लागलं. बातमी वाचताना मी संपादनाच्या खोलीतल्या त्या अनाम माणसाचाच विचार केला. दोन टोकं जुळवताना त्याला हात चांगला बसल्याचं समाधान वाटलं असणार. ते समाधान मला माहीत आहे. हिरवी रेघ नीट उमटली तेव्हा मलाही झालं होतं.

या रविवारी बहीण येणार म्हणून आईनं शिरवळ्यांचा घाट घातला. सकाळपासून स्वयंपाकघरात वाफ, गुळाचा वास, फडकं पिळण्याचा आवाज. मी साच्यावर. तिसऱ्या गोळ्याला मी तिला सांगून टाकलं. इतक्या वर्षांत घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. ते गाव, ती सर, ती बाई, करवंटी, सगळं. ती रस ढवळत होती, वळली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा सुरुवात करणार तोच ती म्हणाली:

"म्हाका खबर आसा. फाटल्यान आंगण ओलें आशिल्लें न्हय?"

मागे अंगण ओलं होतं ना? मी दांडा सोडला. म्हणजे तेव्हाच पाहिलं होतंस? त्याच रात्री, बातम्यांत? आणि शेजारणीला हाक मारून दाखवलंस, आमचा झील बघ म्हणून? आणि मला कधीच बोलली नाहीस?

तिनं फडक्याचं टोक उचलून उरलेले गोळे मोजले, पुन्हा झाकले.

"दाम," ती म्हणाली. "गोळो थंड जाता."